अफगाण कुटुंबांना नोकरी द्या, समुपदेशन नको?

फ्रीमाँटकर: कालच्या धाग्यावर एकांनी लिहिलं, ‘अफगाण निर्वासितांना समुपदेशनाची थेरं नकोत. घर आणि नोकरी द्या, मन आपोआप ताळ्यावर येतं.’ वाचून राहवलं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर सत्तर हजारांहून जास्त माणसं अमेरिकेत आली. आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये तर सोव्हिएत आक्रमणानंतरच्या काळापासून अफगाण वस्ती आहे. नव्या कुटुंबांना मी दवाखान्यात नेते. बायका डोकं दुखतं, धडधडतं, झोप नाही, एवढंच सांगतात. डॉक्टर गोळी देऊन मोकळे. मागे राहिलेल्या आईबद्दल कोणी विचारत नाही. पगार सुरू झालेला माणूसही रात्री दचकून उठतोच.

कडूकारले: ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेणार नाही. तिकडचा इंजिनिअर इथे टॅक्सी चालवतोय, भाडं थकलंय. जुलै २०२५मध्ये टीपीएसही, म्हणजे अमेरिकेत राहण्याचं तात्पुरतं संरक्षणही, काढून घेतलं. उद्या हाकलतील या धास्तीवर समुपदेशक काय देणार?

रानजाई: आधी दुभाष्यांचं बोला! शाळकरी पोराला आईच्या दुखण्याचं भाषांतर करायला बसवतात. माझ्यासमोर घडलंय. पोरगा रडवेला झाला आणि आईने बोलणंच थांबवलं.

मुळामुठा: मग फोनवर दुभाषी घ्या. इतकं सोपं आहे.

रानजाई: सोपं? कुटुंब पश्तू बोलणारं, दुभाषी दरी भाषेचा. हजारा समाजाच्या बाईसमोर पश्तून समाजाचा पुरुष. त्यात वस्ती एवढीशी, की दुभाषी दिराच्या ओळखीचा निघतो.

मुळामुठा: पुण्यात माझ्या वर्गात अफगाण मुलं होती. असले भेद कधी दिसले नाहीत. तुम्हीच भिंती उभ्या करताय.

रानजाई: वर्गात एकत्र डबा खाल्लात म्हणून सगळं कळलं? भाऊ काबूलमध्ये कुठे लपलाय, हे ती कोणासमोर बोलणार? फुटलं तर त्याचा जीव जाईल!

फ्रीमाँटकर: दोघेही जरा दमाने घ्या. काबूलमधल्याच लोकांना विचारून ‘अफगाण सिम्प्टम चेकलिस्ट’ ही मानसिक त्रासाच्या लक्षणांची यादी तयार झाली, तिचा अभ्यास २००६मध्ये छापून आला. म्हणजे त्यांचं दुःख त्यांच्या पद्धतीने विचारता येतं. आमच्याकडे शिवणवर्गात चहा होतो, तिथे बायका आपणहून बोलतात. दारावर ‘मानसोपचार’ अशी पाटी लावली असती तर एकही आली नसती.

कडूकारले: शिवणवर्ग चालेल, तिथे निदान हाताला काम आहे. पण आश्रयाचे अर्ज भरून देणारा वकीलही तिथेच बसवा. तोवर माझं मत तेच.

रानजाई: बसवा. आणि त्याच्या शेजारी पश्तू येणारी बाई. पोरांना शाळेत जाऊ द्या.