मदत हवी आहे: 'युजर बनवा' म्हटलंय, पण कुठला युजर?

गिरगावचा_वाचक:
तीन संध्याकाळी यातच गेल्या. आमच्या वाचनालयाचं देवघेवीचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकतोय, त्याला पोस्टग्रेस डेटाबेस लागतो, त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चौथ्या पायरीला एकच ओळ आहे, 'ग्रंथालय नावाचा युजर बनवा, मग डेटाबेस बनवा'. मी बनवला, पासवर्ड दिला, तरी 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' येतंय आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे. शनिवारच्या आत चालू व्हायला हवं, पटकन सांगा कोणीतरी.

टर्मिनलवाली:
ऑपरेटिंग सिस्टम कुठली? पोस्टग्रेस तयार पॅकेजमधून टाकलंय की सोर्स कोडवरून स्वतः बनवून? आणि 'बनवला' म्हणजे कुठल्या कमांडने?

कुर्ला_टर्मिनस:
पीजी-एचबीए फाइल उघड, कोणाला कसं तपासून आत घ्यायचं ते त्यात असतं, पीअर लिहिलंय तिथे ट्रस्ट लिही, सर्व्हिस रीलोड कर. पाच मिनिटांचं काम, मी सगळीकडे हेच करतो.

जुना_ॲडमिन:
अहो, असलं सांगू नका नवीन माणसाला. ट्रस्ट केलं की त्या मशीनवर ज्याला लॉगिन आहे तो बिनपासवर्ड सुपरयुजर, म्हणजे डेटाबेसचा सर्वाधिकारी, होऊन आत जाऊ शकतो. सभासदांचे पत्ते, फोन नंबर असतात त्यात.

कुर्ला_टर्मिनस:
वाचनालयाचं मशीन आहे, बँकेचं नाही. आधी त्याचं काम तर होऊ दे.

कंटेनरवाला:
दोघंही सोडा, डॉकर घ्या, डेटाबेस वेगळ्या तयार कंटेनरमध्ये चालतो. युजर-पासवर्ड एका फाइलीत लिहायचे, झालं.

गिरगावचा_वाचक:
उबंटू २२.०४, एप्टने, म्हणजे पॅकेजमधून टाकलंय, पोस्टग्रेस १४. 'सुडो ॲडयुजर' दिलं, त्याने पासवर्ड दोनदा विचारला, मग डेटाबेसमध्ये शिरायला माझ्याच लॉगिनमधून 'पीएसक्यूएल -यू ग्रंथालय'. डॉकर नको, हे पुढे ग्रंथपाल ताईंच्या हातात द्यायचंय.

मीरारोडकर:
विंडोजवर इन्स्टॉलर स्वतःच पोस्टग्रेसचा पासवर्ड विचारतो, तो कुठेतरी लिहून ठेवा, मी विसरलो होतो तर सगळं पुन्हा टाकावं लागलं. आणि यूपीएस नक्की घ्या, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार तुम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

टर्मिनलवाली:
मीरारोडकर, त्यांचं उबंटू आहे हो.
वाचक, घोळ इथे आहे. ॲडयुजरने लिनक्सचं खातं बनतं, डेटाबेसला त्याचा पत्ताच नसतो, तिथला युजर म्हणजे रोल आणि तो वेगळा बनवायचा. पीअर म्हणजे तुम्ही लिनक्समध्ये कोण म्हणून बसलायत ते सर्व्हर कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारतो, तेच नाव मागितलेल्या रोलचं असेल तरच आत घेतो. पासवर्ड विचारतच नाही, म्हणून तो बरोबर असून काही उपयोग नाही. आता हे करा:
सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटयुजर -पी ग्रंथालय
सुडो -यू पोस्टग्रेस क्रिएटडीबी -ओ ग्रंथालय देवघेव
पी आणि ओ दोन्ही कॅपिटल. मग पीएसक्यूएलला -एच १२७.०.०.१ द्या आणि शेवटी डेटाबेसचं नाव, म्हणजे त्याच मशीनवर पण नेटवर्कच्या वाटेने जाल, तिथे पीअर लागत नाही, पासवर्ड विचारेल.

जुना_ॲडमिन:
बरोबर. आणि वाचक, तुमची चूक नाही. पोस्टग्रेस सोर्सवरून टाकताना खरंच 'ॲडयुजर पोस्टग्रेस' करावं लागतं, कारण डेटाबेसची पहिली मांडणी करणारी इनिटडीबी कमांड रूट, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्यावरून, चालतच नाही. पॅकेजमध्ये ते खातं आपोआप बनतं. लिहिणाऱ्याने दोन्हीकडे नुसतं 'युजर' लिहिलं की वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

गिरगावचा_वाचक:
आलं आत!! पासवर्ड विचारला आणि खाली 'देवघेव' लिहिलेला प्रॉम्प्ट दिसला, तीन दिवसांनी. खूप आभार ताई. ती ओळ मी बदलायला पाठवतोय: 'पोस्टग्रेसमध्ये ग्रंथालय नावाचा रोल बनवा, हे लिनक्सचं खातं नाही', खाली दोन्ही कमांड. आता ॲडयुजरने केलेलं खातं उडवू का?

कुर्ला_टर्मिनस:
उडव, कशाला हवंय.

टर्मिनलवाली:
थांबा, आधी सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस फाइलमध्ये 'युजर' पुढे काय आहे ते बघा.

गिरगावचा_वाचक:
ग्रंथालयच आहे. म्हणजे लिनक्सचं खातंही लागतंच?

टर्मिनलवाली:
हो, सॉफ्टवेअर त्याच खात्यावर चालणार. उडवलं असतं तर सर्व्हिस सुरूच झाली नसती. पाठवताना दोन ओळी पाठवा, एक खात्याची, एक रोलची.

मीरारोडकर:
यूपीएसचं बघितलंत का?