31 अंशांना 'हीट हॅझर्ड'? भुसावळकरांनी हसावं की रडावं?

तापीकाठचा (भुसावळ)
ऑक्टोबर 2025 मध्ये सिंगापूरच्या फॉर्म्युला वन शर्यतीला एफआयएने (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) पहिल्यांदा 'हीट हॅझर्ड', म्हणजे गरमीचा धोका, जाहीर केला. हीट इंडेक्स 31 च्या वर जाण्याचा अंदाज असेल, तर प्रत्येक गाडीत ड्रायव्हरला गार ठेवायची यंत्रणा बसवायचीच, असा नियम. अंगात बारीक नळ्या शिवलेली बंडी, नळ्यांतून पंपाने फिरणारं गार द्रव. त्यापायी गाडीचं किमान वजनही 5 किलोने वाढवलं.

31? आमच्याकडे होळीची लाकडं गोळा व्हायच्या आत पारा त्याच्या वर असतो ना भो! 2005 ला बहरीनमध्ये 42 च्या वर तापमान, पाठीला तीन लिटरचं दहा सिलिंडरचं व्ही-टेन इंजिन, आणि ड्रायव्हर आलोन्सो शर्यत मारून गेला. बंडी कुणी मागितली नव्हती. टायर सांभाळणं कौशल्य, तसं गरमी सोसणंही कौशल्यच. ज्याने वर्षभर अंग कमावलं त्याला त्याचा फायदा मिळू द्या की. उद्या मान दुखते म्हणून वळणं सरळ करणार का? पटत नसेल तर मुद्द्यावर बोला, उगाच माणुसकी मध्ये आणू नका.

पिस्टन_अमळनेर
मुद्द्यावरच बोलतो. हीट इंडेक्स म्हणजे नुसता पारा नव्हे भाऊ, त्यात दमटपणाही धरतात. आपल्याकडे मे महिन्यात 45 असलं तरी हवा कोरडी. घाम आला की उडतो, अंग थोडं तरी निवतं. सिंगापूरला घाम नुसता वाहत राहतो. त्यात ड्रायव्हरच्या अंगावर आगरोधक आतले कपडे, त्यावर सूट, तोंडावर कापडी टोपडं, वर हेल्मेट. तो घाम उडणार कुठून?

आणि ऑक्टोबर 2023 चं कतार विसरलात? रात्रीची शर्यत, उन्हाचा प्रश्नच नव्हता. ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली, सार्जंटने अर्ध्यात गाडी सोडली, स्ट्रोलला वेगाच्या वळणांवर अंधारी येत होती. टायरच्या काळजीपोटी त्या दिवशी टायरच्या एका सेटवर 18 लॅपची (फेऱ्यांची) मर्यादा होती. म्हणजे टायर जपता जपता ड्रायव्हरला जो दम खायला मिळतो, तोही नाही. 57 लॅप सगळे जीव काढून पळाले. तुम्ही म्हणता ते टायर सांभाळायचं कौशल्य तिथे कामालाच आलं नाही. आणि अंधारी आलेला माणूस एकटा भिंतीवर जात नाही, मागच्यालाही नेतो.

खरी गोम वेगळीच आहे. साइडपॉडमधून, म्हणजे गाडीच्या बाजूच्या खोक्यांतून, येणारी हवा जाते इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरला आणि इंटरकूलरला. गरमी वाढली की टीम बॉडीवर जास्तीच्या झडपा उघडते, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढला तरी सोसते, कारण इंजिन बसलं की शर्यत गेली. ड्रायव्हर तापला तरी गाडी चालतेच, म्हणून त्याच्यासाठी पाव किलो वजनसुद्धा कुणी आपणहून वाढवत नाही. सगळ्यांनाच सक्ती केली तर कुणाचंच नुकसान नाही. ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीतल्या जीटी गाड्यांत एसी कधीचा आहे, तिथे कुणी नाक मुरडत नाही.

तापीकाठचा (भुसावळ)
कतारचं कारण तुम्हीच सांगून टाकलं: 18 लॅपची मर्यादा. शिवाय ऑक्टोबर. 2024 ला तीच शर्यत डिसेंबरात घेतली, निभावली. कॅलेंडर सुधारा ना, बंडी कशाला? सिंगापूरला यंत्रणा गाडीत हवी, पण बंडी घालायची सक्तीही नव्हती, न घालणाऱ्याने बॅलास्ट (जादा वजन) लावून वजनाची भरपाई करायची. धोका एवढाच खरा असता तर बंडी ऐच्छिक ठेवली असती का?

केळीगाडी_रावेर
तुमचं सिंगापूर-कतार चालू द्या. आमच्या गाड्या मे महिन्यात सावद्याहून केळी भरून उत्तरेला निघतात. जुन्या ट्रकचं बोनेट केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून. त्यावर तो भिजवलेलं गोणपाट टाकतो, ते बघता बघता वाळून कडक होतं. घाटात दुसऱ्या गियरवर गाडी रांगते तेव्हा इंजिनाची सगळी वाफ आत. काच खाली केली तर झळ, वर केली तर भट्टी. ना सूट, ना डॉक्टर, ना पिट क्रू.

योगायोग बघा, त्याच ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. तापीकाठचे भाऊ, आमच्या ड्रायव्हरलाही सांगू का, गरमी सोसणं कौशल्य आहे म्हणून?

तापीकाठचा (भुसावळ)
आबा, ट्रक पोटासाठी चालवतात, शर्यत हौसेने. ट्रकला एसी दहा वर्षं आधीच यायला हवा होता. पण या दोन्हीची गल्लत नको.

पिस्टन_अमळनेर
गल्लत? भुसावळचा पारा पहिल्याच पोस्टमध्ये कुणी आणला?

रनिंगरूम_नाना
मला शर्यतीतलं फार कळत नाही, नातू लावतो तेव्हा बघतो. पण भुसावळ-खंडवा लाईनला उन्हाळ्यात रेल्वेचं इंजिन चालवलंय. गरमीने ताकद नंतर जाते, आधी लक्ष जातं. सिग्नल डोळ्यांना दिसतो, डोक्यात शिरायला उशीर लागतो. आपलं लक्ष उडालंय हे आपल्याला कळतही नाही. म्हणून बंडी घालायची की नाही, हे त्या पोरावर सोडणं मला पटत नाही. तो 'मी ठीक आहे' असंच म्हणणार. आम्हीही तेच म्हणायचो.

तापीकाठचा (भुसावळ)
नाना, तुमच्यापुढे काय बोलणार! पण मग बंडी सगळ्यांनाच सक्तीची करा. हे अर्धवट मला अजूनही पटत नाही.

पिस्टन_अमळनेर
चला, विरोध करता करता माझ्याही पुढे गेलात.

केळीगाडी_रावेर
सक्तीचं म्हणाल तर आमच्याकडे दुसरीच गंमत होणार. एसीने डिझेल खाल्लं की काही मालक कॉम्प्रेसरचा पट्टाच काढून ठेवतील, बघा. मी नाही काढणार. मोठं मन वगैरे काही नाही, पट्टा काढला तर आमचा ड्रायव्हर चावी टेबलावर ठेवून शेजारच्या ट्रान्सपोर्टमध्ये जाईल. चांगला ड्रायव्हर मिळतो कुठे आता?