कर्ज काढून बी.ई.: हिशेब बसतो का?

सरळव्याज
मध्यम दर्जाचं खाजगी इंजिनीअरिंग कॉलेज धरा. फी सव्वा लाख, होस्टेल-मेस पाऊण लाख, म्हणजे वर्षाला दोन लाख. चारही वर्षांचे आठ लाख कर्जाने उचलले, व्याज 10 टक्के. कोर्स आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासूनच चढायला लागतं. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं एक लाख, दुसऱ्या दोन लाखांवर 80 हजार, मग 60, मग 40. हप्ता सुरू होतो त्या दिवशी बाकी 10 लाख 80 हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे 14,270.

आता साडेतीन लाखांचं पॅकेज घ्या. पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर गेल्यावर हातात 24-25 हजार. पुण्यात कॉट बेसिस, डबा आणि पीएमपीचा पास एवढ्यातच उरलेले दहा हजार संपतात. सौदा आतबट्ट्याचा आहे. दहावीनंतर सरळ सरकारी पॉलिटेक्निक धरावं.

सातबारा
असहमत. तुम्ही माहितीपत्रकातली फी धरलीत, प्रत्यक्ष भरावी लागणारी नाही. कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून) प्रवेश आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. सव्वा लाखात एक लाख दहा हजार शिक्षण शुल्क असेल तर मुलीचे चार वर्षांत चार लाख चाळीस हजार वाचले. आठ लाखांचं कर्ज 3 लाख 60 हजारांवर आलं. चार लाखांच्या आत बँक तारणही मागत नाही. सगळा हिशेबच बदलला ना?

खिडकी क्रमांक 4
बदलला, पण कागद धड असतील तर. माफी विकास शुल्काला नाही, होस्टेलला नाही, आणि मॅनेजमेंट कोट्याला तर अजिबातच नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज दरवर्षी करायचा, पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून पुढे आपोआप चालत नाही. अडकतो कुठे? उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, वडिलांच्या पगारपत्रकावर भागत नाही. दुसरं, आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. पैसे त्या खात्यात जातात आणि मुलगा दुसऱ्याच पासबुकात एंट्री मारत बसतो.

शिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचं नाव कुणीच काढलं नाही. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क शून्य, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख. कॅपचे विकल्प भरताना या जागेच्या चॉइस कोडच्या (कॉलेज-शाखेच्या क्रमांकाच्या) शेवटी ‘टी’ असतो, तो वेगळा भरावा लागतो. न भरल्यामुळे चांगले गुण असलेली मुलं पूर्ण फीच्या जागेवर जातात. अट एकच, नंतर कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

पाना-पकड
मूळ धाग्याशी सहमत, पण कारण वेगळं. डिप्लोमा तीन वर्षं आणि थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. तीन वर्षं, दहावीनंतर एकूण सहाच. अकरावी-बारावी अधिक चार, तेही सहाच. म्हणजे वर्ष एकही वाया जात नाही आणि सीईटीच्या क्लासची फी वाचते. तिसऱ्या वर्षाअखेर हातात कागद असतो. चाकण-वाळूजला डिप्लोमा ट्रेनी म्हणून लागता येतं, रेल्वेच्या जेई (ज्युनिअर इंजिनीअर) परीक्षेला बसता येतं, सार्वजनिक बांधकामच्या कनिष्ठ अभियंत्यालाही डिप्लोमा चालतो. बारावी सायन्सच्या मार्कशीटवर यातलं काय मिळतं?

लाप्लास
चित्र अर्धंच रंगवलंत. डिप्लोमावाला पहिलं वर्ष गाळून येतो, म्हणजे एम-1, एम-2 हे गणिताचे पेपर गाळून येतो. तिसऱ्या सेमिस्टरला समोर एम-3: लाप्लास, फुरियर. डिप्लोमात इंटिग्रेशन झालेलं असतं, पण आंशिक अवकलनाचा हात बसलेला नसतो, आणि बाकीच्या वर्गाने ते वर्षभर घोटलेलं असतं. तिथे केटी लागते, म्हणजे विषय राहतो. ती पाचव्या-सहाव्या सेमिस्टरपर्यंत ओढली की सातव्याला कंपनी येते आणि यादीवर पहिलीच चाळणी: लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको. डोकं असूनही पोरगं टेस्टलाच बसत नाही. उपाय आहे: निकाल आणि प्रवेश यांच्यातल्या दीड-दोन महिन्यांत एम-1, एम-2 मधलं आंशिक अवकलन आणि मॅट्रिक्स स्वतः सोडवून काढणं. किती जण करतात?

आणि गेटला (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) पदवी किंवा निदान पदवीचं तिसरं वर्ष लागतं, एमपीएससीच्या अभियांत्रिकी सेवेला तर पदवीच. जेईवर थांबायचं असेल तर डिप्लोमा उत्तम.

सरळव्याज
@सातबारा, मुलींच्या बाबतीत मान्य, माझा आकडा जास्त होता. मुलाचा मांडून बघा: खुला प्रवर्ग, अर्धी माफी, चार वर्षांत दोन लाख वीस हजार वाचले. कर्ज 5 लाख 80 हजार. त्याच पद्धतीने व्याज चढवलं की 7 लाख 83 हजार, हप्ता 10,350. हातात 24 हजार असताना हेही हलकं नाही.

सातबारा
मग चढू का देता? उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए मानांकित (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था) असेल तर त्या काळातलं व्याज केंद्र भरतं. त्यात बसत नसाल तर व्याज महिन्याच्या महिन्याला भरा. तुमच्या आठ लाखांच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना 1,667, चौथ्या वर्षी 6,667. मग हप्ता 14,270 ऐवजी 10,570. बऱ्याच बँका वर एक टक्का सूटही देतात.

खिडकी क्रमांक 4
हप्त्यावर भांडताय, पण पगाराचा आकडा सगळे हवेतून घेताय. एनआयआरएफसाठी (केंद्राची कॉलेजांची क्रमवारी) कॉलेजने भरलेली माहिती त्याच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. त्यात चार रकाने बघा: प्रवेश किती, वेळेत पास किती, नोकरी किती, मध्यक (बरोबर मधला) पगार किती. नोकरी भागिले प्रवेश करा. कॉलेज जाहिरातीत भागाकार ‘पात्र’ विद्यार्थ्यांनी करतं, म्हणजे केटीवाले आधीच वगळलेले.

पाना-पकड
आणि तो भागाकार निम्म्याखाली आला तर?

लाप्लास
तर पॉलिटेक्निकचा अर्ज. पण एम-1 चं पुस्तक आत्ताच विकत घ्या, जुन्या बाजारात दीडशेला मिळतं.