क्वाडचं ‘आशियाई नाटो’ करण्याआधी मुरारची छावणी आठवा

लष्करकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, क्वाडच्या, म्हणजे भारत, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया या गटाच्या, नुसत्या बैठका पुरे, अमेरिकेशी परस्पर संरक्षणाचा लेखी करार करा, चीन गप्प बसेल. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने हे लिहावं याचा संताप आला. १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारला एकाच दिवशी इंग्रजांकडून हरलो, त्यानंतर काय झालं? शिंद्यांची स्वतःची फौज ९,००० वर आणली आणि ग्वाल्हेरशेजारच्या मुरार छावणीत कंटिन्जंट, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, वाढवून ठेवली. खर्चाला परगणे शिंद्यांचे, हुकूम इंग्रजांचा. अमेरिकेशी लेमोआ (रसद), कॉमकासा (संदेश), बेका (नकाशे) हे करार २०२० पर्यंत झालेच आहेत. इंधन, संदेश, नकाशे मिळतात. त्यापुढे जायचं कशाला?

मुरारची सून: काका, हरलेल्या दरबाराचा तह आणि दोन सरकारांचा करार एकाच तागडीत? फिलिपिन्सच्या सिनेटने १९९१ मध्ये तळांचा तह फेटाळला, पुढच्या वर्षी अमेरिकी आरमार तिथला सुबिक बेचा तळ सोडून गेलं. शिंद्यांना जमलं असतं? २०१२ ला चीनने त्यांच्याजवळचं स्कारबरो शोल हे समुद्री खडक बळकावलं, तेव्हा त्यांनीच अमेरिकेला पुन्हा बोलावलं. आज तिथले नऊ तळ अमेरिकेला खुले आहेत.

दौलतगंज: कंटिन्जंटचं पुरतं सांगा ना! १८५७ ला तीच उठली, तात्या टोप्यांबरोबर कानपूरला इंग्रज सेनापती विंडहॅमला मागे रेटलं. पळाले ते जयाजीराव शिंदे, १८५८ ला, आग्र्याला.

लष्करकर: स्वतःचीच फौज उलटली, मग काय करायचं होतं त्यांनी?

दौलतगंज: झाशीच्या राणीच्या बाजूने उभं राहायचं! इंग्रजांशी इमान राखून मिळालं काय? ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी दाबून ठेवला, १८८६ ला झाशी देऊन परत घ्यावा लागला.

लष्करकर: अहो, मी तेच तर सांगतोय! आणि महाराजांबद्दल जपून बोला.

दौलतगंज: का जपून? ही दरबारी सवय कधी सुटणार?

मुरारची सून: कुठलाही विषय असो, तुम्ही दोघं १८५८ वर येता. चीनचं बोला.

थाटीपूर: माझे बाबा १९९९ ला इथल्या हवाई तळावर होते. कारगिल सुरू झालं आणि घरी येणंच बंद झालं. मिराज विमानं फ्रेंच, बॉम्बचा नेम धरणारा लेझर पॉड इस्रायली. दोघांशीही परस्पर संरक्षणाचा करार नव्हता. आदल्या वर्षी पोखरणनंतर निर्बंध कुणी लादले? अमेरिकेने. फ्रान्सने नाही. लेखी मैत्रीचं म्हणाल तर २०२१ ला ऑस्ट्रेलियाने ऑकससाठी, म्हणजे अमेरिका-ब्रिटनबरोबरच्या करारासाठी, फ्रान्सचाच पाणबुड्यांचा सौदा मोडला.

मुरारची सून: बरं, फ्रान्सचं मान्य. पण चीनलगतच्या ताबारेषेवर फ्रान्स कामी येत नाही. गलवानच्या वर्षी माझा भाऊ वर लडाखला होता. हिवाळ्याचे कपडे घाईने अमेरिकेकडून आले, लेमोआखाली. आई रोज फोनवर एकच विचारायची, अंगात काय घातलंयस? तुमचा इतिहास तिला सांगा.

लष्करकर: मुली, तुझ्या भावाबद्दल आदरच आहे. पण कपडे लेमोआत मिळाले ना? परस्पर करारात उद्या तैवानवरून जुंपली तर तोच भाऊ तिकडे जाईल. चालेल?

मुरारची सून: नाही चालणार. तेवढं कलम मलाही नको. पण अंदमानच्या पाण्यात चिनी पाणबुड्यांचा माग काढायला जपान, ऑस्ट्रेलिया सोबत हवेत, आणि कोण काय करणार ते लिहून हवं. तोंडी आश्वासनावर मी भावाला वर पाठवणार नाही.