२४ फुटी ट्रेलरवर आई-बाबांसाठी घर बांधतोय, वजनाचं कसं जमवू?

पोर्टलंडकर:
नमस्कार मंडळी. बायकोचं बाळंतपण नोव्हेंबरात आहे. आई-बाबा साताऱ्याहून सप्टेंबरात येतील ते मार्चपर्यंत राहतील. आमचं घर लहान, म्हणून परसात त्यांच्यासाठी ट्रेलरवर घर उभं करतोय. इथे अमेरिकेत, ओरेगनच्या पोर्टलंडमध्ये २०२१ पासून राहत्या घराच्या आवारात असं एक चाकांवरचं घर वापरता येतं. ट्रेलर २४ फूट लांब, साडेआठ फूट रुंद, प्रत्येकी ७००० पौंड पेलणारे दोन अ‍ॅक्सल (चाकांचे आस), म्हणजे एकूण मर्यादा १४००० पौंड. काम मित्राच्या शेडमध्ये चाललंय, तिथून ४० मैल ओढून आणायचंय. भिंतींचा सांगाडा झालाय. झोपायला माळा काढावा म्हणतोय. आईला सात फुटांचा ओटा हवाय, त्यावर ग्रॅनाइट घालू का?

रंधा:
मी वॉशिंग्टन राज्यात २०१९ साली २० फुटी घर स्वतः बांधलं, आम्ही दोघं त्यात तीन वर्षं राहिलो. तुम्ही आई-बाबांसाठी एवढं करताय हे वाचून फार बरं वाटलं.

पहिलं म्हणजे माळा नको. रस्त्यावर उंची साडेतेरा फुटांच्या आत ठेवायची, त्यातून ट्रेलर आणि छप्पर वजा केलं की माळ्यावर धड बसताही येत नाही. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला शिडी कशाला? खाट खालीच करा, खाली बॅगांना कप्पे.

सात फुटांचं ग्रॅनाइट २५० पौंडांच्या घरात जातं. लाकडी ओटा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात होतो. पण एकूण वजनापेक्षा ते कुठे बसतं हे जास्त महत्त्वाचं. ट्रेलरच्या पुढच्या, ट्रकला जोडायच्या दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. मागे जड झालं की वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि मग ट्रक आवरत नाही. भिंतींचा पत्रा लागला की एकदा आणि सामान भरल्यावर पुन्हा, ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. आधी ट्रक एकटा तोला, मग ट्रेलर जोडून. ट्रकच्या चाकांवरचं वजन जेवढं वाढलं तेवढा दांड्यावरचा भार.

आता वाफ. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रोज वरणभात, कुकरच्या चार शिट्ट्या, वर प्रोपेनची शेगडी. गॅस जळतानाही पाणीच तयार होतं. जानेवारीत एक दिवस गादी उचलली तर खालची फळी काळी पडलेली, हात लावला तर ओलीचिंब. बायको त्या महिन्यात सारखी खोकत होती. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्या ठेवा. शेगडीवरचा पंखा हवा थेट बाहेर टाकणारा घ्या, आणि शेगडी विजेची. तुमच्याकडे तान्हं बाळही आजीच्या मांडीवर तिथे झोपणार आहे, इथे पैसे वाचवू नका.

टॅकोमावासी:
रंधा यांच्याशी सहमत. जोडीला एक: घर परसात आलं की टायरवर उभं ठेवू नका. चारही कोपऱ्यांना जॅक, खाली फरशीचे तुकडे, आणि पाणसळ लावून बघा. आमचं अर्धा इंच कललं होतं, तर संडासाचं दार आतून अडकायचं. सासूबाई एकदा वीस मिनिटं आत होत्या.

पोर्टलंडकर:
माळा रद्द. ग्रॅनाइटही रद्द; आईला फोन केला तर म्हणाली, पोळपाट नीट बसला म्हणजे झालं. काल पत्रा लागल्यावर काट्यावर नेलं: ट्रेलर ७९००, त्यातले दांड्यावर ६५०. म्हणजे ८ टक्के. आंघोळीची टाकी आणि बॅटरी मागच्या भिंतीला होत्या, दोन्ही पुढे हलवतोय. रंधा, पंखा कोणत्या मापाचा लावलात ते सांगाल का?