मदत हवी आहे: पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप उन्हाळ्यात काम करण्याजोगं कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

घरामागे बाबांची वर्कशॉपची शेड आहे, १४ बाय १० फुटांची, उंची कडेला ८ आणि मध्ये १० फूट. भिंती विटांच्या पण एकेरी, वर निळा पत्रा थेट अँगलवर स्क्रूने ठोकलेला, खाली छत वगैरे काही नाही. १४ फुटी भिंत नेमकी पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की ती पण तापते. पूर्वेला एक खिडकी, उत्तरेला दार, बस एवढंच.

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांचा सगळा जीव या शेडमध्ये आहे. लाकडाचा लेथ, टेबल सॉ, रंधे, पटाशी असं सगळं एकेक करून जमवलेलं. सुट्टीच्या दिवशी मी पण असते त्यांच्याबरोबर, कधी स्टूल, कधी कपाट, कधीमधी एखाद्या स्टँडसाठी थोडं वेल्डिंग. पण उन्हाळा लागला की दुपारी तिथे उभं राहवत नाही. बाहेर सावलीत ३८ असतं तेव्हा आत टेबलाच्या उंचीला ४३ दाखवतं, आणि खरी धग तर डोक्यावर असते, पायांना तेवढं जाणवत नाही. पंखा लावला तर गरम हवाच अंगावर येते, वर भुसा उडतो तो वेगळाच.

मला मुळात काळजी बाबांची आहे. वय ६७, बीपीची गोळी चालू. उकाड्याने जीव कासावीस झाला की आधी मास्क काढून ठेवतात, मग अॅप्रन, मग चष्म्यावर घाम येतो म्हणून चष्मा पण, आणि तसंच लेथवर उभे राहतात. कितीही सांगितलं तरी "अगं दोनच मिनिटांचं काम आहे" म्हणतात. काम बंद करा असं मला त्यांना सांगायचं नाहीये, ते काम आहे म्हणूनच ते असे हसतमुख आहेत. शेडच नीट करायची आहे.

बाकी त्रास पण आहेतच. पांढरा गम लावून क्लॅम्प घेईपर्यंत वरून साय धरतो. घामाचा हात टेबल सॉच्या बिडाच्या टॉपला लागला की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे तांबूस ठसे.

सल्ले तर ढीगभर मिळालेत, एक म्हणतो एसी लाव, दुसरा म्हणतो कूलर, पत्रेवाला म्हणतो खालून थर्माकोल चिकटवून देतो काम खलास, शेजारचे काका म्हणतात वर पांढरा रंग मार बाकी काही नको. सगळं एकदम करणं शक्य नाही, टप्प्याटप्प्यानेच जमेल. म्हणून विचारतेय, पहिलं काय करू? आणि कशावर खर्च करूच नये? ज्यांनी स्वतः असं काही केलंय त्यांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

ताई, एसीचा विचार सध्या बाजूला ठेवा. साधा हिशोब बघा, तुमचा पत्रा साधारण १३ चौरस मीटर, भर दुपारी एका चौरस मीटरवर जवळपास १००० वॅट ऊन पडतं. म्हणजे डोक्यावर १३ किलोवॅट. त्यातलं थोडं परत फेकलं जातं, थोडं वारा नेतो, पण नुसत्या गडद पत्र्यातून अडीच-तीन किलोवॅट आत उतरणं काही अवघड नाही. एक टनाचा एसी काढतो साडेतीन किलोवॅट. म्हणजे एसीची बहुतेक ताकद पत्र्याशी भांडण्यातच जाणार, माणसाच्या वाट्याला काय उरणार? शिवाय बारीक भुशाने फिल्टर आणि कॉइल चोंदतात. आधी छप्पर, मग बाकी सगळं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, थोडं सविस्तर लिहितो कारण माझी शेड अगदी अशीच होती.

आधी एक प्रयोग करा, फुकटचा आहे. भर दुपारी शेडमध्ये उभं राहून डोक्याच्या वर हातभर अंतरावर पुठ्ठ्याचा मोठा तुकडा धरा. डोक्याला त्याच क्षणी बरं वाटलं तर समजा तुमचा त्रास हवेचा कमी आणि पत्र्याच्या धगीचा जास्त आहे. कारण पुठ्ठ्याने हवा गार होत नाही, तो फक्त वरून येणारी उष्णता अडवतो. उन्हातला गडद पत्रा ६०-७० अंशांपर्यंत सहज जातो आणि तेवढा तापलेला पत्रा खालच्या प्रत्येक वस्तूवर उष्णता फेकत राहतो, मधली हवा गरम असो नसो. म्हणून तर तुम्हाला डोक्याला भाजतं आणि पायांना नाही, आणि म्हणूनच पंख्याने तिथे काही फरक पडत नाही.

तर काका बरोबर सांगतायत, पांढरा रंग पहिला. पण साधा चुना नको, पहिल्या पावसात वाहून जातो. छपरासाठी मिळणारं पांढरं रिफ्लेक्टिव्ह कोटिंग घ्या. नवं असताना चांगलं कोटिंग पडलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतं. नंतर धूळ बसते तसं ते कमी होत जातं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छप्पर एकदा धुवून काढायचं. रंगाच्या आधी स्क्रूचे रबर वॉशर तपासा, फुटलेले असतील ते बदलून टाका, नंतर वर चढणं होत नाही.

त्यानंतर खालून फॉइल, म्हणजे उष्णता परत फेकणारी अॅल्युमिनियमची चकचकीत शीट. इथेच बरेच जण फसतात. फॉइल पत्र्याला चिकटवायची नाही, चिकटली की पत्र्याची उष्णता सरळ तिच्यातून खाली येते. पत्रा आणि फॉइल यांच्यात निदान इंचभर मोकळी हवा पाहिजे, आणि चकचकीत बाजू खाली. वर तोंड करून ठेवली तर धूळ बसते आणि चकाकी गेली की कामातून गेली. अँगलच्या खालच्या बाजूला तार ताणून त्यावर फॉइल सोडली की अंतर आपोआप मिळतं. दोन्ही टोकांना ती पोकळी उघडी ठेवा, जाळी मारा पाहिजे तर, म्हणजे आतली तापलेली हवा निघून जाते. छत करायचं झालं तरी हाच नियम, वरची पोकळी बंद करू नका.

आणि पश्चिमेची भिंत! ती विसरू नका. आतून पडदा लावून काही होत नाही, ऊन भिंतीवर पडायच्या आधीच अडवायचं. भिंतीपासून हातभर लांब शेडनेट ताणा नाहीतर वेल चढवा. वीट उष्णता धरून ठेवते आणि सावकाश सोडते, त्यामुळे दुपारी तापलेली भिंत रात्रीपर्यंत आत धग देते. संध्याकाळी पण शेड गार होत नाही ना? त्यामागे ही भिंत आहे.

प्रतिसाद ३

छपराचं सगळं आलंच वर. हवेचं मी सांगतो.

तुमच्या शेडमध्ये हवा किती, तर १४ गुणिले १० गुणिले सरासरी ९, म्हणजे १२६० घनफूट. तासाला ३० वेळा ती बदलायची म्हटलं तर मिनिटाला ६३० घनफूट ओढणारा एक्झॉस्ट पाहिजे. फॅनच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो तो बघूनच घ्या, आणि जाळी, शटर लागलं की प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं हे धरून चाला. तो बसवायचा शेडमध्ये सगळ्यात उंच जागी आणि हवा आत यायची जागा समोरच्या बाजूला खाली, जमिनीपासून फूटभर. सावलीच्या बाजूची हवा आत घ्या, तुमच्याकडे पूर्व किंवा उत्तर. एक्झॉस्ट खिडकीच्या शेजारीच लावला तर तो खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकेल, कोपरे तसेच कोंदट राहतील. आणि आत यायचं भोक लहान ठेवलं तर फॅन नुसता आवाज करेल.

अंगावरचा पंखा वेगळा ठेवा. तो समोरून कधीच नको, पाठीमागून तिरका लावा, म्हणजे भुसा तोंडापासून लांब जाईल. वेल्डिंग गॅसवालं, म्हणजे जोडाभोवती संरक्षक गॅस सोडणारं असेल तर तेवढा वेळ पंखा बंदच, झोताने गॅस उडतो आणि जोडात बारीक भोकं पडतात.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे! पुठ्ठ्याचा प्रयोग केला, बाबांनाही करायला लावला. पुठ्ठा डोक्यावर धरला आणि म्हणाले "अरेच्चा, ढग आला की काय", म्हणजे पत्राच कारणीभूत आहे हे पक्कं झालं. संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहिला, कोमट नाही, चांगली गरम होती.

दोन प्रश्न राहिले. कूलर चालेल का? बाबांना तो हवाय. पण हत्यारं गंजतील अशी भीती वाटते. आणि पत्रेवाल्याचा थर्माकोल घ्यायचा की नाही?

प्रतिसाद ४

कूलर चालेल की नाही हे पूर्णपणे तुमच्याकडच्या हवेवर आहे. हवा ४० अंशांची आणि आर्द्रता २० टक्के असेल तर चांगला कूलर ती २६ च्या आसपास आणून देतो, स्वर्ग! पण हवा ३५ ची आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर जेमतेम ३० पर्यंत येते, तीही ओलीचिंब, आणि घाम वाळतच नाही. त्यामुळे कोरड्या हवेत लावा, दमट दिवसांत नुसता पंखा. खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू पाहिजेच, बंद खोलीत कूलर म्हणजे थोड्या वेळात दमट कोंडवाडा.

गंजाची भीती रास्त आहे. बिडाच्या टॉपला पेस्ट वॅक्सचा (घट्ट मेणाचा) पातळ हात मारून पुसून घ्या, घामाचे ठसे पण त्याने थांबतील. पटाशा, रंध्यांची पाती झाकणाच्या पेटीत, आत ओल शोषणारं सिलिका जेल. कूलरचा झोत मशिनींवर आणि रचलेल्या लाकडावर येऊ देऊ नका, लाकूड ओल पिऊन फुगतं आणि मग घरात नेल्यावर जोड उघडतात. कूलरला अर्थिंग नीट आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच), पाणी आणि घामाचे हात दोन्ही आहेत तिथे.

प्रतिसाद ५

थर्माकोलबद्दल कळकळीने सांगतो, उघडा थर्माकोल किंवा फोम तुमच्या शेडमध्ये अजिबात नको. तुम्ही वेल्डिंग करता म्हणालात. ठिणगी लागली की तो वितळून पेटता खाली टपकतो आणि धूर फार वाईट असतो. इन्सुलेशन करायचंच असेल तर रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) घ्या, जळत नाही, आणि खालून सिमेंट शीटने झाका म्हणजे तंतू अंगावर येत नाहीत. फोमच वापरायचा तर तोही सिमेंट शीटने पूर्ण झाकलेला पाहिजे.

अजून एक, कुणी बोललं नाही म्हणून. जवसाचं तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना स्वतः गरम होतं, आणि बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं, तापलेल्या शेडमध्ये तर जास्तच लवकर. एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. थिनरची पॉलिश बाहेर मोकळ्या सावलीत करा, साध्या एक्झॉस्टच्या मोटरमधून ती वाफ ओढणं धोक्याचं आहे. ड्रिलच्या बॅटऱ्या घरात आणून चार्ज करा, तापलेल्या बॅटरीला चार्जिंग सोसत नाही. गमचा डबाही घरात ठेवा, सकाळी न्यायचा आणि क्लॅम्पिंगचं काम तेव्हाच उरकायचं.

प्रतिसाद ६

बाबांच्या तब्येतीचं थोडं. हवा ४० च्या वर गेली की पंखा लावू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेव्हा पंखा अंगाला गार करण्याऐवजी उष्णताच देतो. तुमचं आत ४३ जातंय, म्हणजे छपराचं काम होईपर्यंत दुपारी काम नकोच. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातलं पाणी कमी करतात, तेव्हा डॉक्टरांना एकदा विचारा की उन्हाळ्यात पाणी किती आणि गोळीचं काय. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहायचं. चक्कर, मळमळ, डोकेदुखी आली की काम थांबवून गार जागी बसायचं. बोलणं असंबद्ध झालं किंवा नीट उमजेनासं झालं तर ती इमर्जन्सी, अंगावर पाणी ओतत, वारा घालत थेट दवाखान्यात. आणि त्यांना शेडमध्ये एकटं सोडू नका, निदान अर्ध्या तासाने कुणीतरी डोकावून या.

धागाकर्ती

हे वाचून बाबांना दाखवलं, शेवटचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. दुपारचं काम बंद, सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन चढलं की घरी, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. तेलाची फडकी आजच बाहेर काढली, खरंच टेबलाखाली बोळे करून पडलेली होती.

ठरलं ते असं, आधी पांढरं कोटिंग आणि पश्चिमेला शेडनेट, मग एक्झॉस्ट आणि खालची जाळी, मग जमेल तशी फॉइल. थर्माकोल रद्द, एसी रद्द, कूलरचं हे सगळं झाल्यावर बघू. शेवटचं विचारते, पत्रा फॅक्टरी रंगाचा आहे, गुळगुळीत. त्यावर कोटिंग थेट धरेल का?

प्रतिसाद २

थेट नाही धरणार, पापुद्रे निघतील. आधी साबणाच्या पाण्याने धुवून तेलकटपणा घालवा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवा, गंजाचे डाग असतील तिथे खरवडून गंजरोधक प्रायमर, आणि मग कोटिंगच्या कंपनीने सांगितलेला प्रायमर सगळीकडे. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. मारायचं सकाळी लवकर, तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रशखालीच वाळतो. आणि पत्र्यावर चालताना पाय स्क्रूच्या रांगेवर ठेवा, खाली अँगल तिथेच असतो. जमलं तर फळी टाकूनच चाला, आणि बाबांना वर चढू देऊ नका.