पार्किंगमधली पुसलेली रेघ

(कोल्हापूर. सोसायटीचा ग्रुप, जूनचा पहिला रविवार)

अजित सेक्रेटरी (बी-२०३): नमस्कार मंडळी. कोरम नसल्यामुळं मीटिंग परत तहकूब, म्हणून इथंच विचारतो. मीटरचा बोर्ड वर उचलायचाय. वायरमन म्हणतो, पाणी कुठवर येतं तेवढं सांगा. २०१९ च्या पुरात पार्किंगात किती होतं?

पाटील काका (ए-१०१): छातीएवढं.

देसाई काकू (सी-३०२): नाही ओ भाऊजी, कमरेएवढं.

मुल्ला भाई (बी-१०२): कुणाच्या छातीएवढं ते सांगा. काकांची छाती आमच्या गळ्याला लागते 😄

अजित सेक्रेटरी: लिफ्टशेजारच्या खांबावर चिखलाची रेघ होती की.

देसाई काकू: ती दिवाळीच्या रंगकामात गेली. मीच पेंटरला म्हटलं होतं, तेवढा डाग घालव बाबा म्हणून.

सुमेध (सी-१०४): मी भाड्यानं नवीन आलोय. जुलैत ग्रुपवर रोज "राजाराम ३२ फूट, ३४ फूट" येतं म्हणे. हे कुठलं माप? किती झालं की बॅग भरायची?

कुलकर्णी सर (ए-३०४): पाटबंधारे खात्यात नोकरी केली, म्हणून जरा लांबण लावतो. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ही नदीतल्या पट्टीवरची उंची आहे, आपल्या दारातली नव्हे. ४३ ला नदीकाठच्या सुतारवाड्यातली माणसं हलवायची वेळ होते आणि आपला रस्ता मात्र कोरडा असतो. त्यामुळंच आपण गाफील राहतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळी पाणी ५५ च्या वर गेलं होतं.

सुमेध: आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की?

कुलकर्णी सर: ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), म्हणजे सातही उघडले तर जवळजवळ १०,०००. पण ते पाणी एकट्या भोगावती नदीचं. कासारी, कुंभी, तुळशी प्रयाग चिखलीपर्यंत सगळ्या येऊन मिळतात. दरवाजांच्या फॉरवर्डपेक्षा गगनबावड्याला किती कोसळतोय ते बघा. तिकडं दोन दिवस उसंत नसेल तर इथं ऊन पडलेलं असलं तरी गाडी वर काढा.

प्रसाद (बी-४०१): सर, आपण पूररेषेत निळ्या आणि लाल रेषेच्या मधे येतो ना? लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. २०१९ ला झाला, आता २११९ पर्यंत निवांत.

कुलकर्णी सर: तसं नसतंय ते. दरवर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. निळी रेषा पंचवीस वर्षांची, म्हणजे दरवर्षी शंभरात चार. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. २०१९ नंतर दोनच वर्षांत परत आला, ते विसरलात का?

प्रसाद: हे सगळं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं

अजित सेक्रेटरी: अलमट्टी इथं नको. मागच्या वेळी दोघांनी ग्रुप सोडला होता.

पाटील काका: तळमजल्यावरच्यांसाठी सांगतो. पाणी गेटातनं यायच्या आधी संडासातनं येतं. २०१९ ला आम्ही दाराला वाळूची पोती लावून पहारा देत बसलो आणि हिनं आतनं हाक मारली. बाथरूमची जाळी उचलून काळं पाणी वर आलं होतं, त्यात झुरळं. २०२१ ला कमोडमधे आणि जाळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून दाबून ठेवली. पाणी नंतर दारातनं आलंच, पण घाण तरी आली नाही.

देसाई काकू: आणि प्यायचं पाणी विसरू नका. तेव्हा शिंगणापूरचं पाणीपुरवठ्याचं पंपिंग बुडालं आणि वरच्या मजल्यावर काय आणि टेकडीवर काय, सगळ्यांचेच नळ बंद. बाहेर पाणीच पाणी आणि आम्ही कळशी घेऊन टँकरच्या लाइनीत.

डॉ. मेघना (सी-२०२): खालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर उपसून, ब्लिचिंगनं धुऊनच वापरायची. तोवर पाणी उकळून. साचलेल्या पाण्यातनं पायाला जखम असताना फिरू नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीतनं पसरणारा आजार) होतो. ताप आला तर अंगावर काढू नका. आईबाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त आणून ठेवा. शिरोलीजवळ हायवे बंद झाला की पुण्याकडनं येणारं सगळंच अडकतं.

मुल्ला भाई: गाडीचं मी सांगतो, गॅरेजवाला आहे. बुडालेल्या गाडीला चावी लावू नका, बघू तरी चालू होते का म्हणून सुद्धा नको. इंजिनात पाणी असताना सेल मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईच्या खर्चाचं काम पूर्ण इंजिनावर जातं. टो करूनच आणा. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट आहे का आत्ताच बघा, नुसत्या फुल इन्शुरन्समधे बहुतेक नसतंय.

सुमेध: काहीच जमलं नाही तर फोन कुणाला?

अजित सेक्रेटरी: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. पोलीस ११२, ॲम्ब्युलन्स १०८. वॉचमन मामांच्या केबिनमधे खडूनं लिहितो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, मेन स्विच मीच पाडणार. पाण्यात उभं राहून कुणीही बोर्डाला हात लावायचा नाही.

रेश्मा वहिनी (बी-३०४): फोटो सापडला!! पूर ओसरल्यावर चिखल काढताना काढलेला. ओंकारची सायकल त्याच खांबाला टेकवलीय. रेघ हँडलच्या वर वीतभर दिसतेय.

अजित सेक्रेटरी: वहिनी, सायकल आहे का अजून?

रेश्मा वहिनी: टेरेसवर गंजत पडलीय. थांबा, ओंकारला टेप देऊन पाठवते.

रेश्मा वहिनी: हँडल ३ फूट २ इंच. वीत माझी धरली तर ८ इंच.

पाटील काका: म्हणजे ३ फूट १० इंच. २०२१ ला त्याच्यावर चार बोटं होतं, ते मला पक्कं आठवतंय. तेव्हा लाकडी कपाटाचा वरचा कप्पा भिजला.

अजित सेक्रेटरी: सव्वाचार फूट धरू. बोर्डाची खालची कड आत्ता साडेतीन फुटांवर आहे. सहा फुटांवर न्यायची म्हणून महावितरणला अर्ज देतो. आणि खांबावर रेघ परत मारायची, ऑइल पेंटनं, शेजारी दोन्ही सालं.

देसाई काकू: या वेळी मी पेंटरला काही बोलणार नाही.

पाटील काका: रेघ मारताना मला बोलवा. छातीला लावून बघतो.

मुल्ला भाई: आणि आमच्या कमरेला 😄